बेसला पोहोचणं आणि ड्युटीला उभं राहणं

विमान चालवणारी माणसं कामावर कशी येतात, हा प्रश्न प्रवाशांना सहसा पडत नाही. आमच्यातले कितीतरी जण विमानानेच येतात, तेही प्रवासी म्हणून आणि मिळाली तर जागा या बोलीवर. माझा बेस, म्हणजे जिथून माझी ड्युटी सुरू होते ते ठिकाण, एका शहरात आहे आणि घर तिथून विमानाने पावणेदोन तासांवर. हौसेने केलेली ही व्यवस्था नाही. नोकरी लागली तेव्हा घर आणि बेस एकाच शहरात होते. मग कंपनीने ताफा हलवला. विमानं तिकडे गेली आणि त्यांच्यामागोमाग आम्ही. नवऱ्याची नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मुलाची शाळा यांची बदली कंपनीच्या पत्राने होत नाही. त्यामुळे घर होतं तिथेच राहिलं आणि मी ये-जा करू लागले.

ये-जा सबलोड तिकिटावर चालते. सबलोडमध्ये तिकीट हातात असतं, सीट नसते. सगळे पैसे भरलेले प्रवासी बसले, वजनाचा हिशेब जुळला आणि तरीही जागा उरली, तर ज्येष्ठतेच्या क्रमाने आमची नावं पुकारतात. पायलटला आणखी एक दार असतं, कॉकपिटमधली जंपसीट. ती घडीची, पाठ ताठ ठेवणारी खुर्ची कॅप्टनच्या परवानगीने मिळते. केबिन क्रूला आमच्याकडे ती मिळत नाही. ही गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवते.

कंपनीचा नियम साधा आहे. ड्युटीच्या आधी बेसला पोहोचवतील अशा दोन फ्लाइट हेरून ठेवायच्या. पहिलीत जागा मिळाली नाही तर दुसरी. दोन्हींत बुकिंग करताना जागा दिसत असली पाहिजे आणि त्याचा पुरावा ठेवायचा. एवढं केलं आणि तरीही पोहोचलो नाही, तर गैरहजेरी लागत नाही. स्वच्छ हवेत हा नियम उत्तम चालतो. धुक्यात त्याचं काय होतं, ते मी गेल्या धुक्याच्या मोसमात पाहिलं.

ड्युटी पहाटे साडेपाचच्या रिपोर्टिंगची होती. जाऊन यायचं आणि दुपारी दोनच्या सुमारास सुट्टी. आदल्या दिवशी मी रोस्टरप्रमाणे, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाप्रमाणे, मोकळी होते. सकाळी साडेसहाला उठले आणि चहाच्या आधी बेसचा टॅफ उघडला. टॅफ हा विमानतळापुरता हवामानाचा अंदाज. मोठ्या विमानतळांसाठी तो २४ किंवा ३० तासांचा असतो आणि दिवसातून चार वेळा नवा निघतो. त्यात मध्यरात्रीनंतर दृश्यता उतरत जाऊन पहाटे २०० मीटरवर येईल असं लिहिलं होतं. त्याच्या शेजारी मेटार, म्हणजे त्या क्षणाचं प्रत्यक्ष निरीक्षण. तिथे आजची सकाळही धुक्यातच उगवली होती.

मी हिशेब मांडला. धुकं मध्यरात्रीनंतर. संध्याकाळी पाचची फ्लाइट पावणेसातला पोहोचवते, सातची पावणेनऊला. दुसरी मिळाली तरी साडेनऊपर्यंत पाठ टेकता येते आणि सव्वाचारला उठायचं म्हटलं तरी साडेसहा तास झोप मिळते. दोन्हीत भरपूर जागा दिसत होत्या. नियमाला हवं ते सगळं होतं.

पण सकाळचं धुकं सकाळी संपत नाही. सूर्य वर आला, धावपट्टी मोकळी दिसायला लागली, तरी त्याची उधारी रात्रीपर्यंत चालते. सहाचं विमान नऊला सुटलं की त्याची पुढची प्रत्येक फेरी मागे ढकलली जाते. रद्द झालेल्या फ्लाइटचे प्रवासी पुढच्या फ्लाइटमध्ये भरले जातात. मी दुपारी घरून निघेपर्यंत पाचच्या फ्लाइटमधल्या रिकाम्या जागा अशा प्रवाशांनी भरून गेल्या होत्या. त्यांना जागा मिळणं योग्यच होतं. त्यांनी पैसे भरले होते आणि त्यातले काही सकाळपासून विमानतळावर बसून होते.

सातच्या फ्लाइटला तर विमानच नव्हतं. ते बेसहूनच येणार होतं, आणि तिथून निघायलाच त्याला उशीर झाला. आठ वाजता कळलं की विमान आलं आहे, पण ते घेऊन आलेल्या क्रूचे ड्युटीचे तास संपत आले आहेत. त्यांना परतीची फेरी करता येणार नव्हती. मग स्टँडबायवरच्या, म्हणजे राखीव ठेवलेल्या, नव्या क्रूला घरून बोलावलं. प्रवासी गेटवरच्या मुलीवर चिडत होते. "विमान समोर उभं आहे, मग जात का नाही?" असं एक गृहस्थ पुन्हा पुन्हा विचारत होते. उत्तर मला माहीत होतं, पण गणवेशात असताना प्रवाशांच्या भांडणात पडायचं नसतं. सोबत कोट घेऊन फिरणाऱ्या पायलटला त्याचा एक फायदा आहे: चेन वर ओढली की कुणी ओळखत नाही.

साडेनऊला नवी वेळ लागली, रात्री १०.५०. म्हणजे पोहोचायला पाऊण वाजणार आणि बेसजवळच्या खोलीवर जाईपर्यंत दोन. मी शेड्युलिंगला, म्हणजे क्रूच्या ड्युट्या लावणाऱ्या विभागाला, फोन लावला.

हा फोन कधी करायचा, यावर आमच्यात दोन मतं आहेत. बरेच जण शेवटपर्यंत थांबतात. कदाचित विमान लवकर निघेल, कदाचित पहाटेची फ्लाइट धुक्याने मागे जाईल, मग कशाला आधीच नाव खराब करा? माझं मत उलटं आहे. साडेनऊला सांगितलं तर माझ्या जागी येणाऱ्या माणसाला झोपण्यापूर्वी कळतं. पहाटे चारला सांगितलं तर आणखी एका पायलटला अर्ध्या झोपेतून उठवून धुक्यात पाठवावं लागतं.

शेड्युलिंगवर एक तरुण मुलगा होता. आवाजावरून दमलेला वाटत होता. त्या रात्री अख्खं रोस्टर उसवून पुन्हा शिवायचं काम त्याच्या माथी होतं.

"मॅम, रात्री एकपर्यंत तुम्ही बेसला पोहोचताय ना?"

"जागा मिळाली तर."

"मग रिपोर्टिंगला तर हजर आहात."

"हजर असेन. पण फ्लाइट करायच्या स्थितीत नसेन."

थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. "सिक टाकू का?"

"सिक नाही. मी आजारी नाहीये. फटीगमुळे, थकव्यामुळे अनफिट."

"फटीग कसं मॅम? काल, आज तुमची ड्युटीच नाहीये. सिस्टिममध्ये फुल रेस्ट दिसतोय."

त्याचं चुकत नव्हतं. सिस्टिममध्ये मी ताजीतवानी होते. या सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे. कंपनीने मला उद्याच्या फ्लाइटसाठी याच विमानात, याच खुर्चीवर बसवून पाठवलं असतं, तर त्याला पोझिशनिंग म्हणतात आणि ते ड्युटीत धरतात. मग रात्री एकला उतरल्यावर पहाटे साडेपाचचं रिपोर्टिंग देणं कुणाच्या मनातही आलं नसतं, कारण नियम आडवा आला असता. मी स्वतःहून येत होते, म्हणून तेच विमान, तीच खुर्ची आणि तेच जागरण माझ्या विश्रांतीच्या खात्यात जमा होत होतं.

या फरकाकडे अख्ख्या जगाचं लक्ष एका अपघाताने वेधलं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरची फ्लाइट ३४०७ अमेरिकेत नेवार्कहून बफलोला जाताना कोसळली. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. थंडीची रात्र होती, पंखांवर बर्फ धरत होता. पण तपासात मुख्य कारण बर्फ निघालं नाही. विमानाचा वेग घटत गेला, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटण्याची, सूचना देणारी हातातली स्टिक थरथरली आणि कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी वर ओढलं. दोन्ही पायलटांचा बेस नेवार्क होता, पण घर तिथे कुणाचंच नव्हतं. कॅप्टन फ्लोरिडात राहायचा. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आदल्या रात्री सिएटलहून निघाली, मालवाहू विमानाच्या जंपसीटवर मेम्फिसमार्गे पहाटे नेवार्कला पोहोचली आणि दिवसभरात क्रू रूममध्ये मिळेल तशी झोप घेतली. तिला सर्दीही झाली होती, हे कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवरून समजतं. तपास यंत्रणेने लिहिलं की दोघांच्याही कामावर थकव्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे, पण तो किती झाला हे ठरवता येत नाही. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. त्या कंपनीच्या नेवार्क बेसच्या १३७ पायलटांपैकी ९३ जण बाहेरगावाहून ये-जा करणारे होते.

त्यानंतर अमेरिकन संसदेने या विषयावर अभ्यास करायला लावला आणि नॅशनल रिसर्च कौन्सिलचा अहवाल २०११ मध्ये आला. ये-जा करण्यावर बंदी घाला, असं त्यात म्हटलेलं नाही. अंतर किती यापेक्षा झोप किती झाली आणि माणूस किती वेळ जागा आहे, हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. त्यांचा सल्ला असा: ड्युटी संपण्याच्या वेळेपासून मागे मोजावं आणि जागेपणी साधारण १६ तासांपेक्षा जास्त काळ जाईल असा प्रवास आखू नये; आणि ड्युटीवर येण्यापूर्वी निदान ६ तास झोपायचा प्रयत्न करावा. युरोपच्या नियमावलीतली सूचना वेगळ्या बाजूने येते. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास सहसा ९० मिनिटांहून जास्त होत असेल, तर क्रूने बेसजवळ तात्पुरत्या मुक्कामाची सोय करण्याचा विचार करावा. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनी ड्युटीला तंदुरुस्त येण्याची जबाबदारी क्रूवर टाकली, आणि मी थकलेलो आहे असं क्रूने कळवलं तर त्याला उडू न देण्याची जबाबदारी कंपनीवर. प्रवासावर थेट मर्यादा तिथेही नाही.

मी सकाळी साडेसहाला उठले होते. रात्री साडेअकरालाच माझे जागेपणाचे १७ तास पूर्ण होणार होते. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं घसरतं, असं १९९७ साली 'नेचर'मध्ये छापून आलेलं संशोधन आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. दारूचा वास आलेल्या पायलटला कुणी "पण तुम्ही हजर तर आहात ना" असं म्हणणार नाही.

हे सगळं मी त्या मुलाला ऐकवलं नाही. एवढंच म्हणाले, "दोन तासांच्या झोपेवर पहाटेच्या धुक्यात मी फ्लाइट करणार नाही. आता सांगतेय, म्हणजे तुम्हाला स्टँडबाय वेळेत मिळेल. मी बेसला येतेच आहे, उद्या संध्याकाळचं काही असेल तर द्या." त्याने बरं म्हटलं. रेकॉर्डला काय टाकलं, ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

मग जागेसाठीची वाट सुरू झाली. अकरा सीट रिकाम्या होत्या आणि सबलोड एकही घेत नव्हते. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. बेसला धुकं म्हणजे तिथे उतरता आलं नाही तर कुठे जायचं, तेवढं इंधन हवं. एरवी शेजारचा विमानतळ पुरतो. त्या रात्री शेजारचाही धुक्यात होता, म्हणून पर्यायी विमानतळ लांबचा धरावा लागला. शिवाय वर घिरट्या घालण्यासाठी वेगळं इंधन. विमानाचं वजन ठरलेल्या मर्यादेच्या आत ठेवायचं, त्यात इंधन वाढलं की माणसं कमी करावी लागतात. रिकामी सीट दिसते, पण तिच्या वाटणीचं वजन आधीच टाकीत गेलेलं असतं.

माझ्या शेजारी केबिन क्रूमधली एक मुलगी बसली होती, नोकरीला वर्षही झालेलं नव्हतं. तिचंही रिपोर्टिंग पहाटेचंच, वेगळ्या फ्लाइटवर. मी तिला विचारलं, शेड्युलिंगला कळवलंस का? ती म्हणाली, "मॅम, अजून नाही. प्रोबेशन आहे. जागा मिळाली तर कशाला सांगायचं?" मी तिला म्हटलं, निदान पोहोचणं अवघड दिसतंय एवढं तरी आत्ता कळव. तिने मान हलवली आणि पुन्हा फोनवर सबलोडची यादी उघडली. यादीत ती शेवटची होती.

शेवटच्या घटकेला दोन प्रवासी आलेच नाहीत. वाट पाहून कंटाळून घरी गेले असावेत. त्यांच्या बॅगा उतरवल्या, थोडं वजन मोकळं झालं. एका सीटवर यादीतला सर्वांत ज्येष्ठ ग्राउंड इंजिनिअर गेला. प्रवाशांची यादी तोवर बंद झाली होती. कॅप्टनने लोडशीटमध्ये, म्हणजे वजनाच्या हिशेबाच्या कागदात, शेवटच्या क्षणाचा बदल म्हणून एक माणूस वाढवला आणि मला जंपसीटवर घेतलं. ती मुलगी गेटवरच राहिली. कॅप्टनच्या मनात असतं तरी तो तिला आत घेऊ शकत नव्हता.

जंपसीटवर बसायचे काही संकेत आहेत. आत शिरताच नाव सांगायचं, ओळखपत्र आणि लायसन्स दाखवायचं, आभार मानायचे आणि मग गप्प बसायचं. हेडसेट लावायचा. १०,००० फुटांच्या खाली कामाखेरीज शब्द काढायचा नाही. मात्र चूक दिसली तर बोलायचं, कारण डोळ्यांची तिसरी जोडी म्हणूनच आपण तिथे असतो. माझे डोळे तेव्हा चुरचुरत होते. वर गेल्यावर कॅप्टननी विचारलं, "सकाळी ड्युटी आहे?" मी म्हटलं, "होती, सर. सोडली." ते नुसते "हं" म्हणाले आणि थोड्या वेळाने, "बरं केलंस."

बेसजवळ आलो तेव्हा होल्डिंग मिळालं, म्हणजे हवेतच घिरट्या घालत थांबायचं. धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, त्यामुळे रांग लांबते. पुढच्या स्क्रीनवर आमचा लंबगोल दिसत होता. टॉवरकडून आरव्हीआरचे आकडे येत होते: ४००, ३५०, ३००. आरव्हीआर म्हणजे धावपट्टीवर किती मीटरपर्यंतचं दिसतं ते. कमी दिसत असताना उतरण्याच्या ठरलेल्या श्रेणी आहेत: साध्या कॅट-वन लँडिंगला ५५० लागतात, कॅट-टूला ३००. त्याच्या खाली कॅट-थ्री, आणि त्यासाठी धावपट्टीवरची यंत्रणा, विमान आणि दोन्ही पायलट, तिन्ही तयार असावे लागतात. आमच्या पुढचं एक विमान पर्यायी विमानतळाकडे वळलं. बहुधा तिघांतलं काहीतरी कमी होतं.

आमची पाळी आली तेव्हा आरव्हीआर २५०. दोन्ही ऑटोपायलट लावलेले. कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर, फर्स्ट ऑफिसरची नजर फक्त आतल्या आकड्यांवर. बाहेर लँडिंग लाइटचा प्रकाश धुक्यावर आदळून परत येत होता. यंत्राचा आवाज उंची मोजू लागला, शंभर, पन्नास, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी पांढऱ्या दिव्यांची एक तुटक ओळ पायांखालून सरकली. एवढंच दिसतं. तेवढ्यावर "लँडिंग" म्हणायचं की गो-अराउंड करायचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. विमान स्वतःहून टेकलं. टॅक्सीवेवर फॉलो-मी गाडीच्या पिवळ्या दिव्यामागून जाताना पार्किंगला पोहोचायला उतरण्याइतकाच वेळ लागला. खोलीवर पोहोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. पहाटेची फ्लाइट केली असती, तर उतरताना मला याच धुक्यात याच आकड्यांवर नजर ठेवावी लागली असती.

आमच्या या खोलीला क्रॅशपॅड म्हणतात. बेसजवळचा एक फ्लॅट, आठ जणींनी मिळून भाड्याने घेतलेला. दोन खोल्यांत बंक बेड, प्रत्येक बेडला गडद पडदा. नियम दारावर चिकटवलेले आहेत. अलार्म फक्त कंपनावर, उशीखाली. दिवा लावायचा नाही, मोबाइलचा टॉर्च जमिनीकडे. सूटकेस रात्री उघडायची नाही. चेन ओढल्याचा आवाज त्या शांततेत सगळ्यांना उठवतो. गणवेश आदल्या रात्रीच बाथरूमच्या दारामागे लटकवून ठेवायचा. मी आत शिरले तेव्हा माझ्या वरच्या बंकवरचा पडदा बंद होता. दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्या जागी स्टँडबायवरून उचललेली फर्स्ट ऑफिसर तीच. स्टँडबाय असलं की बेसला हजर राहावंच लागतं, म्हणून ती दोन दिवस आधी आलेली. तिला दहा वाजता फोन गेला, ती अलार्म लावून झोपली आणि पहाटे माझी फ्लाइट करून आली. तिची फ्लाइटही धुक्याने अडीच तास उशिरा सुटली, ही गंमत वेगळी. पुष्कळांनी मला नंतर ऐकवलं, "बघ, थांबली असतीस तर आरामात केली असतीस." फ्लाइट उशिरा सुटली तरी रिपोर्टिंग साडेपाचलाच असतं. तो उशीर क्रू झोपून नाही काढत, विमानात बसून काढतो.

मला संध्याकाळची फ्लाइट मिळाली. सात तास झोपून ती केली. रेकॉर्डला मात्र 'सिक' पडलं होतं आणि एक सुट्टी वजा झाली होती. मी हरकत घेतली, तसं बेस मॅनेजरकडून बोलावणं आलं.

बोलणं सभ्यपणे झालं. त्यांचा पहिला मुद्दा बिनतोड होता. "प्रवाशाला धुकं अचानक आलं असं वाटू शकतं. तुम्हाला टॅफ वाचता येतो. आदल्या दिवशी सकाळी धुकं पडलं, म्हणजे दिवसभराच्या फ्लाइट गडबडणार, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?" मी म्हटलं, "सर, कंपनीचा नियम दोन फ्लाइट म्हणतो, त्या मी पाळल्या." ते म्हणाले, "नियम किमान आहे."

ते मला मान्य आहे. खरं तर त्या नियमातच खोट आहे. एकाच मार्गावरच्या, एकाच धुक्यातून जाणाऱ्या दोन फ्लाइट म्हणजे पर्याय नव्हे; ती एकच फ्लाइट आहे, दोनदा मोजलेली. बाहेरगावी राहायचं ठरवलं तर वेळेत यायची, हॉटेलची, आदल्या दिवशी निघून घरचा एक दिवस गमावण्याची जबाबदारी माझी. ती मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण आखणी कितीही केली तरी एखाद्या रात्री ती कोसळणारच. त्या रात्री मी खरं सांगितलं त्याची नोंद 'सिक' अशी करून सुट्टी कापली, तर पुढच्या वेळी कुणी साडेनऊला फोन करणार नाही. लोक रात्री दोनला पोहोचतील, तोंडावर पाणी मारतील आणि साडेपाचला सही करतील. सिस्टिममध्ये फुल रेस्ट दिसेल.

हे मी त्यांना जवळपास याच शब्दांत सांगितलं. गेटवर राहिलेल्या मुलीचाही विषय काढला. तिने शेवटी पहाटे तीनला फोन केला होता. तिला नो-शो, म्हणजे गैरहजेरी, लागला आणि प्रोबेशनमध्ये ताकीदपत्र. मला लवकर फोन केल्याबद्दल सुट्टी गेली, तिला उशिरा केल्याबद्दल पत्र गेलं. मग केव्हा करायचा, असं मी विचारलं. यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

माझी नोंद बदलली. 'सिक' काढून 'फटीग, ड्युटीबाह्य' केलं. सुट्टी मात्र परत मिळाली नाही. ड्युटीबाह्य म्हणजे तुमच्या खर्चाने, असा त्यांचा अर्थ. मुलीचं पत्र तसंच राहिलं.

त्यानंतर मी ये-जा करण्याची पद्धत बदलली. रिपोर्टिंगपासून पुढे मोजणं सोडलं. आता ड्युटी जिथे संपते तिथून मागे १६ तास मोजते, आणि त्या वेळी मी बेसच्या बेडवर असेन का, एवढंच पाहते. धुक्याच्या मोसमात पहाटेची ड्युटी असेल तर आदल्या दिवशी सकाळीच निघते. सलग दोन सकाळी धुकं पडलं असेल तर त्याच्याही आदल्या दिवशी. पर्याय म्हणून दुसरी फ्लाइट कधीच धरत नाही. रात्रीची रेल्वे धरते, किंवा वेळेतच शेड्युलिंगला विचारते की माझी पहाट कुणाच्या दुपारशी बदलून मिळेल का. बेसलाच घर असलेल्यांना पहाटेची ड्युटी पुष्कळदा आवडते, दुपारी घरी जाता येतं. दोन दिवस आधी विचारलं तर बदल मिळतो. आदल्या संध्याकाळी विचारलं तर कुणी फोनच उचलत नाही. या सगळ्यात महिन्याचे घरचे दिवस कमी झाले, आणि मुलगा तो हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवतो.

कंपनीनेही एक गोष्ट केली. हवामान बिघडणार असं दिसलं की आता आदल्या दिवशी सकाळी शेड्युलिंगकडून मेल येते: बाहेरगावाहून येणाऱ्यांनी दुपारी बारापर्यंत कळवावं, शक्य असेल तर उशिराचं रिपोर्टिंग देऊ. कल्पना चांगली आहे. पण क्रूमधले बरेच जण नाव देत नाहीत. अशी यादी पुढे बढतीच्या वेळी किंवा बेस बदलताना कुणीतरी उघडून पाहील, ही धास्ती आहे. यादीचा तसा उपयोग होणार नाही असं लेखी द्या, अशी मागणी आम्ही युनियनमार्फत केली आहे. त्यावर उत्तर यायचं आहे. तोवर ज्येष्ठांनी तरी नावं द्यावीत, असं आमच्यात ठरलंय. मी प्रत्येक वेळी देते. ती मुलगीही आता देते. प्रोबेशन संपलं आहे तिचं.